धुरेवरचं वजन

आमच्या जुन्या पिकअपचं चालकाच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या पट्टीचं एक स्टिकर दिसायचं. सहा वर्षं ती गाडी आमच्याकडे होती आणि ते स्टिकर मी एकदाही वाचलं नव्हतं. माणसं आणि सामान मिळून २,०८० पौंडांच्या वर जाता कामा नये, एवढंच त्यावर लिहिलं होतं. फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे पिकअपला जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरल्यावर पुढचे चार महिने आमच्या घरात या एका आकड्याशिवाय दुसरा विषय नव्हता.

आम्ही टेक्ससमध्ये, ऑस्टिनच्या उत्तरेला राहतो. लेक कॉलेजला गेली, नवऱ्याने काम निम्म्यावर आणलं, आणि भटकायचं तर आपलं घर बरोबर घेऊन भटकायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. आधी दोनदा साधा ट्रॅव्हल ट्रेलर भाड्याने नेऊन पाहिला. तो गाडीच्या बंपरखालच्या गोळ्याला जोडतात. हायवेवर शेजारून मोठा ट्रक गेला की मागचा ट्रेलर आधी इकडे ढकलला जायचा, मग तिकडे ओढला जायचा, आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं वाटायचं. दुसऱ्या फेरीत नवऱ्याने पन्नास मैलांवर गाडी बाजूला घेतली, पाच मिनिटं नुसता बसून राहिला आणि म्हणाला, "हे नको."

फिफ्थ व्हीलची गोष्ट वेगळी असते. त्याचं नाक पिकअपच्या हौद्यावर येतं. नाकाखाली दोन इंच व्यासाची पोलादी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. हौद्यात बसवलेल्या हिचचे, म्हणजे जोडणीच्या यंत्राचे, जबडे ती पिन पकडतात. मोठे अठरा चाकी ट्रक असेच जोडलेले असतात. ओढण्याची जागा मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर किंवा किंचित पुढे असल्यामुळे ट्रेलरला गाडीची शेपटी धरून हलवता येत नाही. 'पाचवं चाक' हे नाव घोडागाडीच्या काळातलं आहे. चार चाकी घोडागाडीचा पुढचा ॲक्सल वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं चाक बसवायचे, ते पाचवं. विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसने १९२० च्या दशकाच्या अखेरीला 'एरोकार' नावाचे ट्रेलर काढले. त्यांची जोडणी तर खरोखरच आडव्या ठेवलेल्या विमानाच्या टायरमध्ये होती, धक्के टायरने खावेत म्हणून. हे वाचल्यावर मला त्या लोखंडी यंत्राबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

पण घ्यायला गेलो तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. एका विक्रेत्याकडे २९ फुटी ट्रेलर आवडला. ९६ इंच रुंद, भरून जास्तीत जास्त ११,२०० पौंड. विक्रेत्याने आमच्या गाडीची ओढण्याची क्षमता फोनवर काढली आणि म्हणाला, "पंधरा हजार! डोळे झाकून न्या." पिनेवर किती वजन येईल असं मी विचारलं, तर त्याने माहितीपत्रकातल्या आकड्यावर बोट ठेवलं: १,५६०. आमच्या स्टिकरवर २,०८०. बसतंय की.

मी वीस वर्षं हिशेबाचं काम केलं आहे. जमेच्या बाजूचा आकडा इतक्या चटकन कुणी दाखवला की मला खर्चाची बाजू पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. घरी येऊन वही उघडली. माहितीपत्रकातला १,५६० हा रिकाम्या ट्रेलरचा आकडा होता. त्यात पाणी नाही, गॅसच्या टाक्या भरलेल्या नाहीत, भांडीकुंडी नाहीत. फिफ्थ व्हीलमध्ये मोठा सामानाचा कप्पा आणि बहुधा झोपायची खोलीही पुढेच असते, म्हणजे आपण भरू त्यातलं बरंचसं नाकावरच येतं. भरलेल्या ट्रेलरच्या साधारण २० टक्के वजन पिनेवर धरावं, असा अनुभवी लोकांचा ठोकताळा आहे. आमचं भरलेलं वजन १०,००० धरलं तर २,००० पिनेवर. त्यात आम्ही दोघं, ३३०. हिच स्वतः, २१० धरू. हत्यारं, पाण्याचे पाइप, खुर्च्या, १२०. बेरीज २,६६०. स्टिकर म्हणतंय २,०८०.

५८० पौंड जास्त. आणि यात ओढण्याच्या क्षमतेचा काही संबंधच नाही. इंजिन १५,००० ओढेल, वादच नाही. पण स्प्रिंगा, टायर, चाकांच्या कड्या आणि मागचा ॲक्सल यांना जे अंगावर घ्यायचं आहे त्याची मर्यादा वेगळी, आणि ती आधी संपते. डिझेलचं इंजिन स्वतःच जड असल्यामुळे आमच्या त्या पाऊण टनी गाडीत (पाऊण टनी, एक टनी ही नुसती वर्गाची नावं, खरी मर्यादा स्टिकरवरचीच) इतरांसाठी जागा कमी उरत होती.

त्या आठवड्यात आबांचा फोन आला. आबा कराडजवळ आमच्या गावी असतात, वय ८१. माझ्या लहानपणी आमचा ऊस टायरच्या बैलगाडीतून कारखान्यावर जायचा. मी त्यांना समजावून सांगत होते की ट्रेलरचं पाचवा हिस्सा वजन गाडीच्या पाठीवर येतं वगैरे. त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं.

"म्हंजे धुरजड गाडी म्हण की."

मला तो शब्द कित्येक वर्षांनी ऐकू आला. बैलगाडीत ओझं पुढे जास्त झालं की जू बैलांच्या मानेवर दाबतं, ती धुरजड. ओझं मागे गेलं की जू वर उचललं जातं, ती उलाळ. भरताना आबा दांडीखाली हात घालून अंदाज घ्यायचे आणि दोन मोळ्या पुढेमागे करायला लावायचे.

"उलाळ गाडी कवाबी वाईट," आबा म्हणाले. "बैलाचा गळाच आवळती. धुरंवर थोडं वजन पाहिजेच. पण किती, ते बैलाची मान बघून. तू बैल बघितलास का?"

बैल म्हणजे पिवळं स्टिकर. बैल बदलायचं आम्ही महिन्याभराने ठरवलं. जुनी पिकअप विकली आणि एक टनी, मागे दोनच चाकांची, पेट्रोलवर चालणारी गाडी घेतली. तिच्या स्टिकरवर ३,७६० आहे. डिझेल सोडताना नवऱ्याला फार जड गेलं. घाटात डिझेल जसं ओढतं तसं पेट्रोल ओढत नाही, हे त्याचं म्हणणं खरंच आहे. मी त्याला वही दाखवली, त्याने दोनदा स्वतः बेरीज केली आणि मान डोलावली. परवान्याचंही तेव्हाच पाहून घेतलं. टेक्ससमध्ये गाडी आणि ट्रेलरची मिळून वजनमर्यादा २६,००० पौंडांच्या वर गेली तर वेगळा परवाना लागतो. आमची बेरीज २२,२०० होते, साधा परवाना चालतो.

आता मुख्य काम, हिच. दुकानात गेलं तर पहिला प्रश्न क्षमतेचाच येतो: १६ हजारांचा देऊ, २० चा देऊ, का २५ चा? खरं म्हणजे क्षमता हा यातला सोपा भाग होता, बाजारातले बरेच हिच आमच्या ट्रेलरला पुरून उरणारे होते. आमचे प्रश्न तीन होते. हौदा आखूड आहे, तर वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनला लागेल का? हौदा वर्षातले दहा महिने दुसऱ्या कामाला लागतो, तर हिच काढता येईल का? आणि साठीकडे झुकलेली दोन माणसं तो उचलणार कशी? नवऱ्याच्या कमरेचं एक ऑपरेशन झालेलं आहे.

पहिल्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं मला समाधान आहे. आखूड हौद्याच्या गाडीला सरकता हिच घ्या, असं सगळेच सांगतात. सरकत्या हिचमध्ये जबड्याचं डोकं रुळांवर मागे जातं आणि वळायला जागा मिळते. काहींत दांडा ओढून हाताने सरकवावं लागतं. पुलराइटच्या सुपरग्लाइडसारखे काही वळताना आपोआप सरकतात. पण सरकते हिच जड असतात, कित्येक ३०० पौंडांच्या आसपास, आणि हाताने सरकवायचे असतील तर वळायच्या आधी उतरून दांडा ओढायची आठवण ठेवावी लागते. गरज असेल तर घ्यायलाच हवा. पण गरज आहे का, हे कोणी मोजून सांगत नव्हतं.

म्हणून मी टेप घेतली. आमच्या गाडीत हिचचा मध्य ते केबिनची मागची काच, ४४ इंच. ट्रेलर ९६ इंच रुंद, म्हणजे पिनेपासून बाजूची भिंत ४८ इंच. ट्रेलर काटकोनात वळला तर ४८ इंचांची भिंत ४४ इंचांच्या जागेत येणार. लागणारच. मग मी नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, एक फुटाला एक इंच असं प्रमाण धरून पिकअप आणि ट्रेलर कापले, आणि जेवणाच्या टेबलावर कापडी बोर्ड ठेवून टाचणीने एकमेकांना जोडले. टाचणी म्हणजे किंगपिन. ट्रेलर हळूहळू फिरवत गेले. साधारण ७८ अंशांना पुठ्ठ्याचा कोपरा केबिनच्या पुठ्ठ्याला टेकला.

नवरा शेजारी चहा घेत उभा होता. तो म्हणाला, "पण आपल्या ट्रेलरला असे कोपरे कुठे आहेत?"

त्याचं खरं होतं. अलीकडच्या बऱ्याच फिफ्थ व्हीलचं तोंड होडीसारखं निमुळतं असतं. दुसऱ्या दिवशी आम्ही विक्रेत्याच्या आवारात जाऊन ट्रेलरच्या नाकाची मापं घेतली. अगदी पुढच्या कडेला रुंदी ६२ इंचच होती आणि पूर्ण ९६ इंच रुंदी तिथून ३० इंच मागे गेल्यावर सुरू होत होती. पिन आणखी १४ इंच पुढे. घरी येऊन पुठ्ठ्याचे कोपरे तिरके कापले. आता फिरवलं तर काटकोनातसुद्धा केबिन आणि ट्रेलरमध्ये चार-पाच इंचांची फट राहत होती. कारण साधं होतं: ट्रेलर जिथे पूर्ण रुंद होतो ती जागा तोवर केबिनच्या बाहेर, बाजूला गेलेली असते. सरकता हिच वहीतून खोडला आणि शंभर पौंड वाचले. पुठ्ठ्याला खड्डे-उंचवटे कळत नाहीत, म्हणून नंतर रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये प्रत्यक्षही करून पाहिलं. मी केबिनच्या मागे उभी राहून मूठ धरली होती. मूठ फटीत आरामात फिरली.

काढण्या-घालण्याच्या प्रश्नाला चार उत्तरं होती. जुनी पद्धत रुळांची: हौद्याच्या तळाला भोकं पाडून चासीला पट्ट्या बोल्टने आवळायच्या, वर दोन रूळ कायमचे, त्यांच्यात हिच. भक्कम आणि स्वस्त. पण हिच काढला तरी रूळ राहतात, आणि हौद्यात माती किंवा झाडांची साल आणली की फावडं दर वेळी रुळाला अडतं. दुसरी पद्धत, हौद्याच्या मधोमध असलेल्या गूजनेकच्या छिद्रात एकाच दांड्याने हिच आवळायचा. (गूजनेक ही ट्रेलरची दुसऱ्या प्रकारची जोडणी, तिचा गोळा हौद्यात बसतो.) तिसरी, कारखान्यातूनच हौद्यात चार कोपऱ्यांना चार गोल खाचा आलेल्या असतात, त्यांना पक म्हणतात. हिचचे पाय त्यात घालून पाव वळसा फिरवून कुलूपबंद करायचे. काढले की वर प्लास्टिकची टोपणं लावायची, हौदा सपाट. नवी गाडी घेताना मी ही सोय असलेलीच हवी म्हणून तीन आठवडे थांबले होते. ते थांबणं सार्थकी लागलं.

चौथ्या उत्तराने मला सर्वांत जास्त मोह घातला. अँडरसनचा अल्युमिनियमचा हिच, वजन ३५ पौंडांच्या आसपास. एका हाताने उचलावा. त्यात जबडे नसतात. ट्रेलरच्या किंगपिनवर एक ठोकळा कायमचा आवळतात आणि तो हौद्यातल्या गोळ्यावर बसतो. इतर हिचपेक्षा पावणेदोनशे पौंड हलका, म्हणजे स्टिकरच्या हिशेबात एक अख्खं माणूस वाचलं. कमरेचा प्रश्नही मिटला. तो वापरणारे दोघं मला भेटले, दोघंही खूश होते. मी तो का घेतला नाही, याचं कारण माझ्यापुरतं आहे. पिनेवर ठोकळा आवळल्यावर दुसऱ्या कुणाच्या गाडीला तो ट्रेलर जोडायचा तर आधी ठोकळा काढावा लागतो. आमची गाडी वाटेत बंद पडली तर येणाऱ्या मदतीकडे साधा जबड्याचा हिचच असणार. ही एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना.

गूजनेकच्या गोळ्यावर लांब दांडा सोडणारे जोडही मिळतात आणि स्वस्त असतात. त्यांच्याबद्दल मात्र मला स्पष्ट सांगायचं आहे: ट्रेलरची चौकट बनवणाऱ्याकडून लेखी परवानगी घेतल्याशिवाय ते लावू नका. किंगपिन आखूड असते. तिला लांब दांडा जोडला की तीच पहार होते. पहार जितकी लांब तितका दगड सहज हलतो, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. इथे दगडाच्या जागी ट्रेलरच्या नाकाची वेल्डिंग असते, आणि प्रत्येक ब्रेकला तिला हिसका बसतो. काही जोड हा विचार करून बनवलेले आहेत आणि काही चौकट बनवणारे त्यांना मान्यताही देतात, पण कुठला चालतो हे आपल्या ट्रेलरपुरतं विचारूनच ठरवावं लागतं.

शेवटी आम्ही पकवर बसणारा, दोन तुकड्यांत सुटणारा, दोन जबड्यांचा स्थिर हिच घेतला. सगळा मिळून २१० पौंड. डोकं वेगळं निघतं, पाय वेगळे. तरी डोकं काही हातानं उचलण्यासारखं नाही. गॅरेजवाले इंजिन उचलायला वापरतात तो घडीचा होइस्ट आम्ही जुना विकत घेतला. पट्टा अडकवायचा, हँडल मारत राहायचं, गाडी खालून पुढे काढायची. पहिल्यांदा दोन तास लागले, आता चाळीस मिनिटं लागतात.

एक माप आम्ही विसरलोच होतो. ते शेजाऱ्यांमुळे लक्षात आलं. आमच्या शेजारी एक निवृत्त ट्रकचालक राहतात, तीस वर्षं अठरा चाकी चालवलेले. ट्रेलर पहिल्यांदा जोडला तेव्हा त्यांनी हौद्याच्या कठड्यावर हाताचा पंजा उभा धरून विचारलं, इथे किती जागा आहे? चार इंच होती. नव्या चारचाकी ओढीच्या गाड्या उंच असतात, आणि चढ संपून उतार लागतो अशा ठिकाणी ट्रेलरचं नाक हौद्याच्या कठड्यावर आपटतं. सहा इंच तरी हवेत. किंगपिन ज्या पेटीला असते ती भोकांच्या ओळीत एक घर खाली घेतली, मग सहा झाले. ट्रेलर समतल आहे ना हे पुन्हा पाहिलं, कारण नाक फार वर राहिलं तर ट्रेलरच्या मागच्या ॲक्सलवर जास्त भार जातो.

आणि त्याच दिवशी जे झालं ते मी कधी विसरणार नाही. नवरा गाडी मागे घेत होता, मी हातवारे करत होते. खट्ट आवाज आला, दांडा आपोआप आत गेला, मी त्यात सुरक्षा पिन घातली आणि अंगठा दाखवला. ट्रेलरचे पुढचे पाय वर घ्यायला मी बटणाकडे गेले. शेजाऱ्यांनी हात वर केला. "वन मिनिट, मॅम." त्यांनी खिशातली बॅटरी काढली, हौद्याच्या कठड्यावर वाकले आणि उजेड हिचच्या पाटाखाली टाकला. मग मला बोलावलं.

हिचचा पाट आणि ट्रेलरचा पाट यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती. फटीतून पलीकडचं कुंपण दिसत होतं. जबडे बंद होते, पूर्ण बंद. पण पिनेच्या गळ्याभोवती मिटायच्या ऐवजी ते पिनेच्या बुडाखाली मिटले होते. किंगपिनचं खालचं टोक जबड्यांच्या पाठीवर नुसतं टेकलेलं होतं, उंबरठ्यावर पाय ठेवावा तसं. ट्रेलर दोन इंच जास्त उंच असताना आम्ही गाडी मागे घेतली होती. मी पाय वर घेतले असते आणि नवऱ्याने गाडी पुढे काढली असती, तर दोन हजार पौंडांचं नाक सरळ फाळक्यावर आणि हौद्याच्या कठड्यांवर बसलं असतं. त्या वेळी माझा हात कठड्यावर होता.

मी बराच वेळ तिथेच उभी राहिले. शेजारी काही बोलले नाहीत. त्यांनी सगळं पुन्हा सोडायला लावलं आणि पुन्हा करून घेतलं. ट्रेलरचा पाट हिचच्या पाटापेक्षा किंचित खाली ठेवायचा, म्हणजे गाडी मागे येताना हिच त्याला घासत उचलून घेतो आणि पिन आपोआप खोल बसते. जबडे मिटले की बॅटरी मारून दोन गोष्टी पाहायच्या: पाटांमध्ये उजेड दिसता कामा नये, आणि जबडा पिनेच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी भिडलेला हवा. मग ट्रेलरचे पाय जमिनीवरच ठेवून, वायर जोडून, ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून धरायचे आणि गाडी हलकेच पुढे ओढून पाहायची. ओढ बसली, काही सुटलं नाही, की मगच पाय वर. तुटल्यावर ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी बारीक केबल असते, ती हिचला न अडकवता गाडीच्या हौद्यातल्या कडीला अडकवायची. हिचच उपटला गेला तर केबलही त्याच्याबरोबर जाईल आणि ओढली जाणार नाही. मी हे सगळं त्याच संध्याकाळी कागदावर मराठीत लिहिलं आणि लॅमिनेट करून सामानाच्या कप्प्याच्या दाराला आतून चिकटवलं. आम्ही कितीही घाईत असलो तरी एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यायचं, हा नियम आहे. दोघांनीही बॅटरी मारून पाहायची. वाचणारा आणि पाहणारा दर वेळी बदलतो.

मार्चमध्ये आबांनी विचारलं, "काट्यावर नेलीस का?"

ऊस घालणाऱ्या माणसाला अंदाजावर विश्वास नसतो. इथे ट्रकथांब्यांवर कॅट स्केलचे काटे असतात. ही कंपनी आयोवातल्या वॉलकॉटची, १९७७ पासूनची. काट्याला वेगवेगळे पाट असतात, त्यामुळे पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं मिळतं. आधी गाडी एकटी नेली, आम्ही दोघं आणि हिच धरून: पुढे ४,३८०, मागे ३,५२०, एकूण ७,९००. मग घरून भरलेला ट्रेलर जोडून आणला: पुढे ४,४४०, मागे ५,५००, ट्रेलरच्या चाकांवर ७,९६०. म्हणजे गाडीवर २,०४० वाढले, तेच पिनेवरचं वजन. ट्रेलर एकूण १०,०००. वीस टक्क्यांचा ठोकताळा इतका नेमका उतरेल असं वाटलं नव्हतं.

पावतीचा फोटो आबांना पाठवला. त्यांनी भिंग लावून वाचला असावा, कारण फोन तासाभराने आला. "पुढच्या चाकावर साठ वाढलं," ते म्हणाले. "म्हंजे ओझं मागच्या आसाच्या वाईच पुढं बसलंय. झ्याक." मी टेप घेऊन मोजलं. पिनेचा मध्य मागच्या ॲक्सलच्या साडेचार इंच पुढे होता.

पहिली खरी फेरी इंक्स लेक स्टेट पार्कची केली. जॉर्जटाउनवरून २९ नंबरच्या रस्त्याने लिबर्टी हिल, बर्ट्रम, बर्नेट, आणि मग पार्क रोड ४ च्या वळणांवरून. बर्नेटच्या अलीकडे वाळू भरलेला ट्रक शेजारून जोरात गेला. मी सवयीने दाराची मूठ घट्ट धरली. ट्रेलरने एक हलका धक्का दिला, तो पाठीत जाणवला, आणि गाडी आपल्या रेषेत चालत राहिली. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही, फक्त त्याचे खांदे खाली आले. पार्कमध्ये आमची जागा झाडांच्या मध्ये अरुंद होती आणि ट्रेलर जवळजवळ काटकोनात घालावा लागला. मी खाली उतरून केबिनच्या काचेशी मूठ धरून उभी राहिले. फट तेवढीच होती. तळ्याकाठचे गुलाबी दगड संध्याकाळच्या उन्हात पाहिले तेव्हा दिवसभरात पहिल्यांदा मला भूक लागल्याचं कळलं.

ऑगस्टमध्ये हिच काढला, कारण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मखराचं प्लायवुड आणायला पिकअप आमचीच असते. होइस्ट लावला, डोकं आणि पाय लाकडी फळ्यांवर ठेवले, टोपणं लावली. विसर्जनानंतर पुन्हा बसवायला गेलो तर एक पाय फिरेना. टोपण नीट बसलं नव्हतं आणि पकच्या खाचेत प्लायवुडचा भुसा भरून गच्च झाला होता. नवरा म्हणाला, थोडं ठोकून बघू. मी नाही म्हटलं. जुना टूथब्रश आणला, चारही खाचा कोरून काढल्या, व्हॅक्यूम लावला, आणि मग पाय हाताने फिरवला तसा तो सहज जागेवर बसला. कागदावर आता तेही एक ओळ म्हणून आहे.